पहिल्या दिवसाच्या विटा

१

शुक्रवारी सकाळी भिंत पडलेली आढळली. ‘पडलेली’ हा शब्दही तितकासा अचूक नाही. खांद्यावरचे ओझे उतरवून दमलेल्या माणसाने जागच्या जागी बसावे, तशी ती बसली होती. खालच्या थरांचा चिखल झाला होता आणि वरचे थर त्यावर कलंडले होते. चार पावलांवर तिची जुळी बहीण मात्र ताठ उभी होती. माती एकच, गवंडी एकच, सिमेंटचे प्रमाण एकच. आदल्या दिवशी दोन्ही भिंतींवर शेतातल्या तुषार संचाने सारखाच पाऊस पाडला होता. एक भिजली, दुसरी विरघळली.

लगेच मला फोन आला. मी राधाकृष्ण गर्जे, मूळचा पाथर्डीचा. सरकारी बांधकामांची गुणवत्ता तपासण्यात माझी सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही कोठे काही कोसळले की लोक मला बोलावतात. कोणाचे काही उभे राहिले म्हणून बोलावणे आल्याचे मला आठवत नाही.

संगमनेरच्या बाहेर, माळावर, हे खाजगी अभियांत्रिकी विद्यापीठ आहे. एस.टी.तून उतरून फाटकापर्यंत चालेस्तोवर गुडघ्यांनी आपले म्हणणे मांडले होते. फाटकाशी प्रा. ग्लोरिया अमोलिक उभ्या होत्या. नव्या प्रयोगशाळेच्या इमारतीचे आरेखन त्यांचे. डोळ्यांखाली काळी वर्तुळे आणि हातात इमारतीच्या नकाशाची गुंडाळी, जी त्यांनी शेवटपर्यंत उलगडली नाही.

“आधी जुनी प्रयोगशाळा बघा साहेब,” त्या म्हणाल्या, “म्हणजे नवी का हवी ते कळेल.”

जुनी प्रयोगशाळा पत्र्याची होती. दुपारी तीन वाजता तेथे उभे राहणे ही शिक्षा होती. यंत्रेही त्या शिक्षेतून सुटली नव्हती. सकाळी दाखवलेला आकडा ती दुपारी दाखवत नसत. ग्लोरियाबाईंची नवी इमारत याला उत्तर होती. साइटवरच्याच मातीच्या दाबून केलेल्या, भट्टीत न भाजलेल्या विटा; त्यांच्या जाड भिंती; उत्तरेकडून उजेड; दक्षिणेला खोल पडवी; आणि जमिनीखालच्या बोगद्यातून थंड होऊन आत येणारी हवा. यंत्रांचे पाये भिंतींपासून वेगळे, म्हणजे कंपाचा प्रश्न नाही. वातानुकूलन यंत्र एकही नाही.

“आणि या दोन भिंती?”

“नमुन्याच्या. सोमवारी समितीसमोर त्यांच्यावर भार द्यायचा होता. दोन्ही टिकल्या तर मंजुरी. नाहीतर काँक्रीट आणि काच.” त्या थांबल्या. “मी अजून प्रोबेशनवर आहे. इमारत गेली की मीही जाणार. कुलगुरूंनी तसं स्पष्टच सांगितलंय.”

“मिश्रणात दोष नसेल तर?”

“मग दोष माणसाचा आहे साहेब. आवाराला कुलूप असतं, आणि किल्ली फक्त तिघांकडे आहे.”

२

तिघांपैकी एक त्या स्वतः. दुसरा गवंडी मच्छिंद्र. तिसरे विभागप्रमुख डॉ. हनुमंत कडलग. याखेरीज ठेकेदाराचा अभियंता हर्षल नवले मच्छिंद्रबरोबर आत-बाहेर करीत असे.

आवाराच्या एका कोपऱ्यात चुन्याच्या गोण्या उन्हा-पावसात पडून होत्या. दुसऱ्या कोपऱ्यात विटा दाबायचे यंत्र आणि एक गंजका लोखंडी ड्रम होता. मच्छिंद्र त्या ड्रमला टेकून बसला होता. सकाळपासून सगळे त्याच्याकडे बोट दाखवत होते.

“सिमेंट खाल्लं म्हनत्यात,” तो म्हणाला. “सिमेंट खाऊन माजं पोट भरतंय व्हय साहेब? मॅडमच्या म्होरं गोनी फोडली, म्होरं टाकली.”

“विटा कशा केल्या ते सांग.”

“दोन दिस क्येल्या. पयल्या दिसाच्या इटांची ही बसली ती भिंत. दुसऱ्या दिसाच्यांची ही उबी हाय ती. इटा गोनपाटाखाली वल्या ठिवल्या, वाळवल्या, मग भिंती रचल्या.”

“दोन दिवसांच्या मालात काही फरक?”

“त्येच तर डोकं चालंना! पयल्या दिसाचा माल झ्याक हुता. साच्यातनं ईट लोन्यावानी निगायची. दुसऱ्या दिशी नुस्ती कटकट, कोपरं तुटायचं. आन् मोडली कोनती? झ्याक मालाची!”

“पाणी कुठलं?”

“बोअरचं. आदल्या सांजंला ह्यो ड्रम भरून ठिवायचो. पयल्या दिशी पानी जरा तांबूस दिसलं, पन ड्रमच असला. त्यात नवाल काय?”

मी दोन्ही भिंतींचे तुकडे विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत दिले. सिमेंट कमी निघाले असते, तर प्रकरण तेथेच मिटले असते आणि मी संध्याकाळच्या गाडीने घरी गेलो असतो. उत्तर शनिवारी सकाळी आले. सिमेंट दोन्हींत सारखेच होते.

म्हणजे मच्छिंद्रने काही चोरले नव्हते. सिमेंट भिंतीत होते, पण त्याने आपले काम केले नव्हते.

३

डॉ. कडलग यांच्या खोलीत काचेचे कपाट होते. त्यात नगरच्या जुन्या घुमटांतले आणि बारवांतले चुनेगच्चीचे तुकडे, खाली चिठ्ठ्या लावून, मांडले होते. माणूस उंच, किंचित वाकलेला. येत्या दिवाळीत निवृत्त होणारा. ग्लोरियाबाई एकेकाळी त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. असे असूनही या इमारतीला सर्वांत कडवा विरोध त्यांचाच होता.

“मी विरोधात आहे, हे मी लपवलेलं नाही,” ते म्हणाले. “प्रयोगशाळेत भार असतो, कंप असतो, तेल सांडतं, आम्ल सांडतं. तिथे मातीची भिंत म्हणजे हौस आहे. विद्यापीठानं हौस करू नये.”

“मग भिंत पडल्याचा आनंद झाला असेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि चष्मा पुसायला घेतला. “नाही झाला. मुलीनं कष्ट घेतले होते. घाई नडली, दुसरं काय? चुना आहे तो. त्याला बाळसं धरायला वेळ लागतो. अजून दोन-तीन महिने पाणी पाजायला हवं होतं, मग फवारा मारायचा. पण ऐकतंय कोण?”

“आवारात तुमचं जाणं होतं?”

“संध्याकाळी फिरायला जातो. डॉक्टरांनी सांगितलंय.”

आम्ही चहा घेतला. त्यांनी मला एका बारवेतला तुकडा दाखवला आणि तो हातात धरला असताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. मी उठलो.

आवारात परतलो, तर झाडलोट करणारी साळूबाई खराटा आपटत होती.

“मुंग्यांनी जीव घेतला बाई!” ती स्वतःशीच म्हणाली. “ह्या ढिगापाशी हुबं ऱ्हावंना. लाल मुंग्या, नुस्त्या डसत्यात.”

“त्या दुसऱ्या भिंतीपाशी?”

“तितं एक बी न्हाई. जाऊन बगा की.”

मी पाहिले. खरोखरच एकही नव्हती. मग पडलेल्या भिंतीतले एक ढेकूळ फोडले, मुंग्या झटकल्या आणि तुकडा जिभेवर ठेवला.

“आगं बया!” साळूबाई ओरडली. “मॅडम, पळा! साहेब माती खात्यात!”

माती मीही पूर्वी कधी खाल्ली नव्हती. पण नोकरीत याहून वाईट गोष्टी गिळल्या होत्या. चव अगदी पुसट होती, तरी ओळखता येत होती.

भिंत गोड होती.

४

साखर ही सिमेंटची वैरीण आहे. पाण्यात थोडीशी गेली तरी सिमेंट घट्ट होणे विसरते, आणि जास्त गेली तर जन्मभर विसरते. मिश्रण मात्र तिच्यामुळे मऊ होते, साच्यातून सहज सुटते. मच्छिंद्रच्या झ्याक मालाचे कारण हेच होते. अशी वीट वाळली की चांगली दिसते, कारण दाबलेली कोरडी माती टणकच असते. तिची परीक्षा पाण्यात होते.

“राखेतून आली असेल का?” ग्लोरियाबाईंनी विचारले. मिश्रणात साखर कारखान्यातली, उसाच्या चिपाडांची राखही होती.

“बॉयलरमधून निघालेल्या राखेत साखर उरत नाही. आणि राख दोन्ही दिवशी तीच होती. बदललं ते फक्त ड्रममधलं पाणी.”

त्यांचा चेहरा कठीण झाला. “म्हणजे हर्षल.”

हर्षल नवलेला काँक्रीटच्या इमारतीचे काम मिळायचे होते. मी गेलो तेव्हा तो मोटारसायकलवर बसूनच बोलला.

“गर्जे साहेब, खरं सांगू? आमच्या आजोबांना मातीच्या घरातून बाहेर काढायला दोन पिढ्या गेल्या. आता या मॅडम विद्यापीठाला परत मातीत घालायला निघाल्यात. लोक हसतायत.”

“तयार काँक्रीटची गाडी घाटात अडकली तर तुम्ही काय करता?”

“साखर टाकतो की!” तो तत्काळ म्हणाला. “ड्रायव्हरच्या केबिनमध्ये दोन किलोची पिशवी कायम असते. गाडी वाचते, माल जातो. का हो?”

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. हळूहळू त्याच्या लक्षात आले. तो मोटारसायकलवरून उतरला.

“साहेब, मला भिंत पाडायचीच असती ना, तर रात्री टेम्पो मागे घेताना चुकून लागला असता. एवढा उद्योग कोण करतो?”

हेतू त्याचा होता, ज्ञान त्याचे होते. तरीही विचारताक्षणी ज्याने शस्त्राचे नाव स्वतःहून सांगितले, त्याने ते वापरले असेल यावर माझा विश्वास बसेना. मी परत जाऊन भिंतीतली काही ढेकळे बादलीत विरघळवली आणि ते पाणी पांढऱ्या रुमालातून गाळले.

रुमालावर खडे, राख आणि उसाच्या बारीक काड्या राहिल्या. आणि आणखी काही राहिले, जे कोणत्याही ड्रायव्हरच्या पिशवीत नसते.

५

ते तपकिरी, चिवट तंतू होते. एक मी दाताखाली धरला. तोंड तुरट झाले.

“हिरडा,” मी म्हणालो. “ही साखर नव्हे. हे गूळ आणि हिरड्याचं पाणी आहे.”

ग्लोरियाबाई बादलीपाशी बसल्या होत्या. त्या बसूनच राहिल्या.

“मॅडम, गूळ आणि हिरडा एकत्र भिजवून कशात घालतात?”

“चुन्यात,” त्या पुटपुटल्या. “चुना त्यानं चिवट होतो. जुन्या लोकांची रीत आहे. आम्हाला वर्गात ती... ” वाक्य त्यांनी सोडून दिले.

उरलेले मी बोलून दाखवले, जरी ते त्यांना कळू लागले होते. भिंत पाडायला आलेला माणूस हिरडा भिजवत, गाळत बसत नाही. ज्याने हे पाणी ड्रममध्ये ओतले, त्याला भिंत मजबूत करायची होती. पण या मिश्रणात चुना नव्हताच. म्हणजे ओतणाऱ्याची समजूत होती की आहे.

“मिश्रणात आधी चुना होता?”

“माझ्या मूळ आरेखनात होता. त्या गोण्या त्याच्याच. पण चुना सावकाश धरतो, आणि समितीला घाई होती. हर्षलनं सिमेंट सुचवलं. मी नाइलाजानं मान्य केलं. विभागाच्या बैठकीत ठरलं सगळं.”

“त्या बैठकीला कोण होतं?”

“आम्ही सगळेच. अध्यक्षस्थानी...” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “नाही साहेब. त्यांच्यासमोरच ठरलं होतं. त्यांना माहीत नसणं शक्यच नाही.”

मच्छिंद्र सिमेंटबद्दल बोलला होता. हर्षलने सिमेंटच सुचवले होते. दोन दिवसांत एकच माणूस या भिंतीत चुना आहे असे समजून माझ्याशी बोलला होता, आणि त्याच्याकडे किल्ली होती.

६

रविवारी डॉ. कडलग यांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडले, माझ्या हातातल्या रुमालाची पुरचुंडी पाहिली आणि आत वळले. बसायला सांगण्याचेही राहून गेले.

“सिमेंट होतं,” ते म्हणाले. “शुक्रवारी तुम्ही तुकडे तपासायला दिलेत. काल मुलांनी मला निकाल दाखवला आणि मी तो शब्द वाचला. तोवर मला वाटत होतं की चुना कच्चा राहिला.”

“तुमच्याच बैठकीत बदल झाला होता.”

“होतो ना मी. अध्यक्षस्थानी होतो.” ते खुर्चीत बसले. “ऐकत नव्हतो. गर्जे, किती वर्षं बैठका घेतोय मी! समोरचा बोलतो, आपण मान डोलावतो, शेवटी ‘ठीक आहे’ म्हणतो. त्या दिवशीही म्हणालो असेन.”

“आणि विरोध?”

“तो सुरुवातीला खरा होता. मग एकदा तिचं आरेखन घरी आणून नीट पाहिलं. कुठेच चूक सापडेना. भिंतीची जाडी, हवेचा बोगदा, सगळं मी तिला शिकवलं त्यापुढचं होतं. पण तोवर चारचौघांत बोलून बसलो होतो.” त्यांनी चष्मा काढला. “म्हटलं, उघड नाही तर गुपचूप मदत करू. चुन्याला गूळ-हिरडा लागतो हे तिला वर्गात शिकवलं होतं, पण तिनं घातलेला दिसला नाही. दोन दिवस भिजवून, गाळून नेलं. दुसऱ्या दिवशीही नेणार होतो. कंबर धरली, म्हणून राहिलं.”

त्यांची कंबर धरली, म्हणून एक भिंत वाचली होती. मला हसू यायला हवे होते, पण आले नाही.

“अहवालात काय लिहिणार?”

“गूळ आणि हिरडा. नाव लिहिणार नाही. माझ्याकडे तर्क आहे, साक्षीदार नाही.”

“मग झालं तर.”

“झालं नाही. नाव नसेल तर कुलगुरू विचारतील, उद्या बांधकामात पुन्हा कोणी काही टाकलं तर? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. इमारत जाईल आणि तुमची विद्यार्थिनीही.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “मला थोडं पडू द्या आता.” मी बाहेर पडलो. ते सोमवारी येतील की आजारपणाची चिठ्ठी पाठवतील, हे मला ठामपणे सांगता आले नसते.

७

ते आले. सर्वांत मागे बसले.

उभ्या भिंतीवर जॅकने भार चढवला गेला. ठरलेल्या मर्यादेपलीकडेही तिला तडा गेला नाही. कुलगुरूंनी मात्र समाधान दाखवले नाही.

“एक उभी, एक आडवी,” ते म्हणाले. “अर्ध्या भरवशावर मी इमारत बांधू?”

मी अहवाल वाचला. ‘गूळ’ या शब्दाला दोघे-तिघे हसले. वाचून संपल्यावर कुलगुरूंनी अपेक्षित प्रश्न विचारला.

“घातला कोणी?”

लोकांच्या नजरा हर्षलकडे गेल्या, मग दाराशी उभ्या असलेल्या मच्छिंद्रकडे. ग्लोरियाबाईंना नाव ठाऊक होते. त्या समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. एका नावाने त्यांची इमारत वाचली असती. त्यांनी ते उच्चारले नाही, आणि कुलगुरूंनी पुढचा कागद ओढला.

“तर मग नाइलाजानं...”

“मी घातला,” कडलग म्हणाले.

ते उभे राहिले होते. जास्त बोलले नाहीत. मिश्रण बदलण्याचा निर्णय आपल्याच अध्यक्षतेखाली झाला आणि आपण तो ऐकला नाही, हे त्यांनी सांगितले. प्रा. अमोलिक यांच्या मिश्रणात दोष नाही, त्यांच्या आरेखनातही नाही, असे सांगितले. “माझा विरोध मागे घेतो. तो मी आधीच मागे घेतला होता, फक्त कोणाला कळवलं नव्हतं.”

कोणी हसले नाही. समितीने अर्ध्या तासात मंजुरी दिली. अट एकच, की बांधकामाच्या पाण्याला कुलूप असावे. कडलगांना तेथल्या तेथे विभागप्रमुखपदावरून दूर करून रजेवर पाठवण्यात आले.

बाहेर व्हरांड्यात ग्लोरियाबाई त्यांची वाट पाहत होत्या. मी बाजूला सरलो, पण व्हरांडा अरुंद होता.

“सर, एकदा मला विचारलं असतं,” त्या म्हणाल्या. “एकच वाक्य. ‘ग्लोरिया, यात चुना आहे का?’”

“विचारायचं म्हणजे तुझं बरोबर आहे, हे आधी म्हणावं लागलं असतं.”

“ते इतकं जड होतं?”

 कडलगांच्या डोळ्यांत पाणी होते, हे खरे. पण बाईंचा राग त्याने निवला नाही. तो निवावा असे मलाही वाटले नाही. तीन दिवस त्या झोपल्या नव्हत्या. वाचलेल्या नोकरीचा आनंद मानण्याइतकीही शक्ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हती.

“गुरुवारी पायाची आखणी आहे,” त्या अखेर म्हणाल्या.

“मी रजेवर आहे.”

“रजेवरच्या माणसाला दोरी धरता येते.”

त्या जायला वळल्या. कडलग तसेच उभे होते. मला वाटले, नेहमीप्रमाणे नुसती मान डोलावून ते गप्प बसतील.

“कुठलं टोक धरू?” त्यांनी विचारले.

त्या इमारतीबद्दल त्यांनी बाईंना विचारलेला तो पहिला प्रश्न होता.